‘किती बायपास झाले?’ याच्या पुढचा प्रश्न

बायपास होऊन घरी आलेल्या माणसाला भेटायला येणारा जवळजवळ प्रत्येक जण एक प्रश्न विचारतोच : ‘किती बायपास झाले?’ तीन म्हटले की समोरचा मान हलवतो, पाच म्हटले की त्याच्या चेहऱ्यावर काळजी उमटते. या एका आकड्यावरून आजार किती गंभीर होता हे ठरवले जाते आणि नकळत पुढच्या आयुष्याचा अंदाजही बांधला जातो. पण रुग्णालयातून मिळालेल्या डिस्चार्ज कार्डावर, घरात बहुधा कोणी न वाचलेल्या एका ओळीत, त्या आकड्यापेक्षा कितीतरी अधिक माहिती असते. ती ओळ साधारण अशी असते : ‘सीएबीजी × ४, लिमा – एलएडी, एसव्हीजी – डायगोनल, एसव्हीजी – ओएम, एसव्हीजी – पीडीए.’ सीएबीजी हे बायपासचेच वैद्यकीय नाव. उरलेली ओळ वाचता आली, तर शस्त्रक्रियेत नेमके काय केले, ते किती वर्षे टिकण्याची शक्यता आहे आणि पुढे कशाला जपायचे, हे बरेचसे उलगडते.

हृदयाला स्वतःचे रक्त कोठून मिळते?

हृदय दिवसाला सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावून साऱ्या शरीराला रक्त पुरवते, पण त्याच्या कप्प्यांतून वाहणाऱ्या रक्ताचा त्याच्या स्वतःच्या जाड स्नायूला जवळजवळ काहीच उपयोग होत नाही. त्या स्नायूसाठी महाधमनीच्या अगदी उगमाशी दोन स्वतंत्र फांद्या फुटतात. त्या करोनरी धमन्या. धमनी म्हणजे हृदयाकडून रक्त पुढे नेणारी, दाब सोसण्यासाठी घडलेली नळी. शीर म्हणजे रक्त हृदयाकडे परत आणणारी, पातळ भिंतीची नळी. हा फरक लक्षात ठेवावा, कारण बायपासचे बरेचसे भवितव्य त्यावर ठरते.

डावी करोनरी धमनी थोडे अंतर जाऊन दुभंगते. तिची एक शाखा हृदयाच्या समोरच्या बाजूने टोकापर्यंत उतरते, ती एलएडी. दुसरी मागच्या बाजूला वळते, ती सर्कमफ्लेक्स. कार्डावरची ‘डायगोनल’ ही एलएडीची, ‘ओएम’ ही सर्कमफ्लेक्सची आणि ‘पीडीए’ ही बहुतेकांमध्ये उजव्या करोनरी धमनीची उपशाखा असते. या सर्वांत एलएडीचे महत्त्व वेगळेच आहे, कारण डाव्या कप्प्याची पुढची भिंत आणि मधल्या पडद्याचा मोठा भाग तिच्यावर जगतो.

हृदयाच्या स्नायूची आणखी एक अडचण आहे. शरीराचे इतर बहुतेक भाग विश्रांतीत रक्तातला साधारण पाव हिस्सा प्राणवायू घेतात. हृदय मात्र विश्रांतीतही जवळजवळ पाऊण हिस्सा काढून घेते. म्हणजे त्याच्याकडे शिल्लक अशी उरतच नाही. काम वाढले की जास्त रक्त यावेच लागते, आणि आतून चरबीचे थर साचून नळी अरुंद झालेली असेल तर ते येऊ शकत नाही. घरात बसल्यावर काही न होणारी छाती जिना चढताना दाटून येते ती यामुळे.

अडथळा काढत नाहीत, त्याला वळसा घालतात

बायपासमध्ये ‘ब्लॉक साफ केले’ असे अनेकांना वाटते. तसे होत नाही. साचलेला थर जागच्या जागी राहतो. शेताकडे जाणारा पाट मध्येच गाळाने बुजला, तर वरच्या अंगाने पाणी घेऊन बुजलेल्या भागाच्या पुढे ते पुन्हा पाटात सोडावे, तसे येथे केले जाते. या जोडनळीला ग्राफ्ट म्हणतात. त्यासाठी सांधा जेथे द्यायचा ती पुढची धमनी मोकळी हवी, आणि तिच्यावर अवलंबून असलेला स्नायू जिवंत हवा. धमनी टोकापर्यंत रोगट असेल किंवा स्नायूचा पूर्ण व्रण झालेला असेल, तर तेथे कितीही चांगले रक्त नेले तरी हाती फारसे लागत नाही.

‘ब्लॉक तीनच होते, मग बायपास चार का?’ या प्रश्नाचे उत्तरही येथेच मिळते. एकच अडथळा दोन शाखांच्या वाटेत असेल, तर दोन्ही शाखांना स्वतंत्र ग्राफ्ट द्यावा लागतो. उलट चार अडथळे असून तीनच ग्राफ्ट दिले जातात, तेव्हा चौथी शाखा फार बारीक असते किंवा तिच्यातला अडथळा किरकोळ असतो. किरकोळ अडथळ्यापुढे ग्राफ्ट जोडणे हे नुसते निरुपयोगी नव्हे, तर त्या ग्राफ्टच्या जिवावर बेतणारे असते. मूळ रस्ता वाहता असेल तर वळणरस्त्याने कोणी जात नाही आणि त्यावर गवत माजते. तसाच मूळ धमनीतून पुरेसे रक्त येत राहिले तर ग्राफ्टमधला प्रवाह मंदावतो आणि तो हळूहळू आक्रसून बंद पडतो. म्हणून ग्राफ्टचा आकडा हा ना आजाराचा थेट मापक आहे, ना शस्त्रक्रियेच्या दर्जाचा.

नळी कोठून आणायची?

माझ्या मते साऱ्या विषयाचा गाभा हा आहे, आणि रुग्णाशी बोलताना त्यालाच सर्वांत कमी वेळ मिळतो.

२५ फेब्रुवारी १९६४ रोजी लेनिनग्राडमध्ये वासिली कोलेसोव्ह यांनी छातीच्या आतल्या बाजूची एक धमनी सोडवून ती धडधडत्या हृदयावरच्या करोनरी धमनीला शिवली. त्या वेळी या कामाकडे फार थोड्यांनी लक्ष दिले. १९६७ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये रेने फावालोरो यांनी पायातली शीर वापरून बायपास केला. अर्जेंटिनाच्या एका खेड्यात बारा वर्षे साधी डॉक्टरकी करून ते हृदयशस्त्रक्रिया शिकायला तेथे गेले होते. त्यांची पद्धत सोपी, पुन्हा पुन्हा करता येण्याजोगी होती आणि ती जगभर पसरली.

पायाच्या आतल्या बाजूने घोट्यापासून जांघेपर्यंत जाणारी ही लांब शीर म्हणजेच कार्डावरील ‘एसव्ही’. शेवटचा ‘जी’ ग्राफ्टचा. ती लांब असते, वरवर असते, काढल्यावर पायाचे रक्त परत नेण्याचे काम खोलवरच्या शिरा करतात, आणि तिच्यातून तीन-चार तुकडे सहज मिळतात. तिच्यात एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा असतात, त्यामुळे ती उलटी फिरवून जोडावी लागते. नाहीतर झडपाच रक्त अडवतील. पण मूळ अडचण फिरवून सुटत नाही. आयुष्यभर मंद दाबाने रक्त वाहिलेल्या पातळ भिंतीच्या नळीवर एका दिवसात महाधमनीचा पूर्ण दाब येतो. भिंत जाड होऊ लागते आणि काही वर्षांत तिच्यातही चरबीचे थर साचू लागतात. शिरेच्या ग्राफ्टपैकी साधारण दहा ते पंधरा टक्के पहिल्या वर्षातच बंद पडतात आणि दहा वर्षांनी जवळजवळ निम्मे बंद झालेले किंवा बरेच अरुंद झालेले आढळतात.

कार्डावरील ‘लिमा’ ही डाव्या बाजूच्या फासळ्यांच्या आतून, छातीच्या मधल्या हाडाला समांतर उतरणारी धमनी. तिचा वरचा उगम तोडावा लागत नाही. फक्त खालचे टोक सोडवून एलएडीला जोडतात, म्हणजे एक सांधा मुळातच वाचतो. ही नळी जन्मापासून धमनीचा दाब सोसत आलेली असते. तिच्या भिंतीतला लवचीक पापुद्रा जवळजवळ अखंड असतो आणि तिचे अस्तर नळी सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड भरपूर तयार करते. अन्य धमन्या चरबीने भरल्या तरी ही धमनी बहुधा स्वच्छ राहते, आणि दहा वर्षांनंतरही एलएडीला जोडलेल्या अशा ग्राफ्टपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक वाहते असतात.

याचा आयुष्यावर काय परिणाम होतो, हे क्लीव्हलँड क्लिनिकनेच १९८६ मध्ये प्रसिद्ध केले. तिन्ही प्रमुख धमन्यांचा, म्हणजे एलएडी, सर्कमफ्लेक्स आणि उजवी करोनरी यांचा आजार असलेल्या रुग्णांपैकी, एलएडीला छातीची धमनी जोडलेले ८२.६ टक्के रुग्ण दहा वर्षांनी जिवंत होते. सर्व ग्राफ्ट शिरेचेच असलेल्यांमध्ये हे प्रमाण ७१ टक्के होते. हे रुग्ण चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागलेले नव्हते, हे खरे. तरीही फरक इतका मोठा होता आणि इतरत्रही असाच दिसत राहिला, की आज ‘लिमा – एलएडी’ हा बायपासचा कणा मानला जातो. कार्डावर तो नसेल, तर का नाही हे विचारणे योग्य आहे. तातडीची शस्त्रक्रिया किंवा छातीला पूर्वी दिलेले किरणोपचार यांसारखी रास्त कारणे असू शकतात.

मग सगळेच ग्राफ्ट धमन्यांचे का करत नाहीत? मनगटापासून कोपरापर्यंतची रेडियल धमनी हा एक चांगला पर्याय आहे. सहा चाचण्यांतील १,०३६ रुग्णांची माहिती २०१८ मध्ये एकत्र तपासली गेली, तेव्हा सुमारे ८ टक्के रेडियल ग्राफ्ट बंद आढळले, तर शिरेचे सुमारे २० टक्के. पण ही धमनी चटकन आखडते, त्यामुळे ती फक्त खूप अरुंद झालेल्या धमनीलाच जोडावी लागते. शिवाय मनगटातून अँजिओग्राफी झाली असेल, तर त्या हाताची नळी आतून दुखावलेली असू शकते. उजव्या बाजूची छातीची धमनीही वापरता येते. ३,१०२ रुग्णांच्या ‘आर्ट’ नावाच्या चाचणीत एका किंवा दोन्ही छातीच्या धमन्या वापरण्याची तुलना झाली. दहा वर्षांनी मृत्यूचे प्रमाण जवळजवळ सारखेच निघाले : दोन्ही वापरायचे ठरलेल्या गटात २०.३ टक्के, एक वापरायची ठरलेल्या गटात २१.२ टक्के. मात्र दोन्ही धमन्या काढल्यावर छातीच्या हाडाचा रक्तपुरवठा घटतो, आणि त्या गटात जखमेच्या तक्रारी ३.५ टक्के होत्या, दुसऱ्या गटात १.९ टक्के. या चाचणीत ठरलेली पद्धत सोडून दुसरी करावी लागलेले रुग्ण बरेच होते, त्यामुळे वाद मिटलेला नाही. माझा कल असा, की तरुण, सडपातळ आणि मधुमेह नसलेल्या रुग्णाच्या बाबतीत दुसऱ्या धमनीचा विचार झालाच पाहिजे. वृद्ध, स्थूल आणि मधुमेही रुग्णाच्या बाबतीत छातीची जखम नीट भरणे हे आधी.

दोन मिलिमीटरचा सांधा

ज्या धमनीला ग्राफ्ट जोडायचा तिचा आतला व्यास अनेकदा दीड ते दोन मिलिमीटर असतो, म्हणजे बॉलपेनच्या रिफिलच्या पोकळीएवढा. तिच्यावर काही मिलिमीटरची उभी चीर देतात, ग्राफ्टचे टोक तिरके कापतात आणि केसाहून बारीक निळ्या धाग्याने, भिंगाचे चष्मे लावून, दोन्ही कडा शिवतात. प्रत्येक टाका आतल्या अस्तरातून जायला हवा, पण समोरची भिंत त्यात अडकता कामा नये. धागा सैल राहिला तर रक्त झिरपते, जास्त ओढला तर तोंड पिशवीच्या नाडीसारखे आवळते. सांधा झाल्यावर ग्राफ्टभोवती एक छोटे उपकरण लावून प्रवाह मोजता येतो. आकडा समाधानकारक नसेल तर छाती उघडी असतानाच दोष शोधता येतो. हे मोजमाप सर्वत्र होत नाही. ते व्हावे, असे मला मनापासून वाटते, कारण दोष दुरुस्त करायला त्याहून सोयीची वेळ पुन्हा येत नाही.

हृदय थांबवून की चालू ठेवून?

हलत्या हृदयावर इतके बारीक काम कठीण, म्हणून नेहमीच्या पद्धतीत रक्त हार्ट-लंग मशीनमधून फिरवतात. यंत्र रक्तात प्राणवायू मिसळते आणि ते शरीरात ढकलते. महाधमनीला चिमटा लावून पोटॅशियमचे प्रमाण जास्त असलेले, बहुधा थंड द्रावण करोनरी धमन्यांत सोडले जाते आणि हृदय शांत होते. दुसऱ्या, म्हणजे ऑफ-पंप पद्धतीत हृदय धडधडत राहते आणि जेथे सांधा द्यायचा तेवढाच भाग एका चिमट्यासारख्या साधनाने स्थिर धरतात.

‘यंत्राशिवाय केलेली शस्त्रक्रिया आधुनिक, म्हणून चांगली’ हा समज तपासून पाहिला गेला आहे. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत २,२०३ रुग्णांवर झालेल्या ‘रूबी’ चाचणीत पाच वर्षांनी ऑफ-पंप गटातील १५.२ टक्के आणि यंत्र वापरलेल्या गटातील ११.९ टक्के रुग्ण दगावले होते. उलट १९ देशांतील ४,७५२ रुग्णांच्या ‘कॉरोनरी’ चाचणीत पाच वर्षांनी दोन्ही पद्धतींचे निकाल सारखे आले. हा फरक कोठून आला? पहिल्या चाचणीत भाग घ्यायला शल्यविशारदाला वीस ऑफ-पंप शस्त्रक्रियांचा अनुभव पुरेसा होता. दुसरीत त्या त्या पद्धतीच्या शंभरांहून अधिक शस्त्रक्रिया केलेल्या असणे आवश्यक होते. पद्धतीपेक्षा हात महत्त्वाचा, असाच याचा अर्थ मी लावतो. मात्र एका प्रसंगी ऑफ-पंपचे पारडे जड होते : महाधमनीच्या भिंतीत चुन्यासारखे कडक थर असतील, तर तिला चिमटा लावताना कण सुटून मेंदूत जाण्याचा धोका असतो. अशा वेळी महाधमनीला हातच न लावता, छातीच्या धमन्यांवरच सारा भार टाकून केलेला बायपास पक्षाघात टाळू शकतो.

‘मग स्टेंट का नको?’

छाती न उघडता, मनगटातून नळी घालून अरुंद जागी धमनी उघडी ठेवणारी बारीक जाळी, म्हणजे स्टेंट, बसवून काम होत असेल तर इतका खटाटोप कशाला, ही शंका अगदी रास्त आहे. हार्ट अटॅक सुरू असताना स्टेंट हाच बहुतेकांसाठी तातडीचा उपाय आहे, आणि एक-दोन ठिकाणच्या सरळ अडथळ्यांसाठीही तो पुरेसा ठरतो. प्रश्न येतो तो अनेक ठिकाणी पसरलेल्या आजारात. स्टेंट त्याच्या लांबीपुरता, म्हणजे दोन-तीन सेंटिमीटरचा भाग उघडा ठेवतो. पण पुढचा अटॅक अनेकदा आज किरकोळ दिसणारा दुसराच थर फुटून येतो. बायपासचा सांधा धमनीच्या पुढच्या, निरोगी भागात असल्यामुळे त्याच्या अलीकडच्या साऱ्या टापूत उद्या काही बिघडले तरी खालच्या स्नायूला रक्त मिळत राहते. आज दिसणाऱ्या अडथळ्याबरोबर उद्याच्याचीही तजवीज होते.

मधुमेही रुग्णांत हे ठळकपणे दिसते. २०१२ च्या ‘फ्रीडम’ चाचणीत अनेक धमन्यांचा आजार असलेल्या १,९०० मधुमेहींपैकी पाच वर्षांत स्टेंटच्या गटातील १६.३ टक्के, तर बायपासच्या गटातील १०.९ टक्के रुग्ण दगावले. पण पक्षाघात बायपासच्या गटात ५.२ टक्के आणि स्टेंटच्या गटात २.४ टक्के होता. ही किंमत रुग्णाला आधी सांगितलीच पाहिजे. ‘सिंटॅक्स’ चाचणीच्या दहा वर्षांच्या पाठपुराव्यात तिन्ही धमन्यांच्या आजारात मृत्यूचे प्रमाण स्टेंटनंतर २८ आणि बायपासनंतर २१ टक्के होते. डाव्या मुख्य धमनीच्या, म्हणजे दुभंगण्याआधीच्या डाव्या करोनरी धमनीच्या आजारात मात्र लक्षणीय फरक नव्हता.

आणि ‘औषधांवर का भागणार नाही?’ आजार स्थिर असेल तर अनेकांचे भागते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इस्केमिया’ चाचणीत ५,१७९ रुग्णांमध्ये सुरुवातीलाच अँजिओग्राफी करून स्टेंट किंवा बायपास करण्याने मृत्यू कमी झाले नाहीत. छातीतले दुखणे मात्र अधिक आटोक्यात आले. पण डाव्या मुख्य धमनीत मोठा अडथळा असलेले आणि हृदयाचे पंपिंग फार घसरलेले रुग्ण या चाचणीत घेतलेच नव्हते. पंपिंग (डाव्या कप्प्यातले किती टक्के रक्त एका ठोक्याला बाहेर पडते ते) ३५ टक्के किंवा त्याहून कमी असलेल्या १,२१२ रुग्णांच्या ‘स्टिच’ चाचणीत दहा वर्षांनी केवळ औषधांवरचे ६६.१ टक्के, तर बायपास झालेले ५८.९ टक्के रुग्ण दगावले होते. ज्यांच्यात शस्त्रक्रियेची भीती सर्वांत जास्त वाटते, त्यांच्यापैकी अनेकांना तिचा लाभ होतो, हे येथे दिसते.

धोका किती, आणि ‘माणूस पूर्वीसारखा राहत नाही’ हे खरे का?

पूर्वनियोजित बायपासमध्ये मृत्यूचे प्रमाण शंभरात साधारण एक ते दोन असते. वय, मूत्रपिंडांचे काम, हृदयाचे पंपिंग आणि शस्त्रक्रियेची तातडी यांनुसार ते बरेच बदलते. म्हणून सरासरी विचारण्याऐवजी ‘माझ्या बाबतीत किती?’ असे विचारावे. त्यासाठी ‘युरोस्कोर’सारखी गणिते डॉक्टरांकडे असतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हृदयाचे ठोके अनियमित होणे हे तीन-चार रुग्णांपैकी एकाला होते; घरचे घाबरतात, पण ते बहुधा औषधांनी सुधारते.

स्मरणशक्तीची शंका जुनी आहे. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात घरी सोडताना ५३ टक्के आणि पाच वर्षांनी ४२ टक्के रुग्णांच्या बौद्धिक चाचण्यांत घसरण दिसली, आणि दोष हार्ट-लंग मशीनवर गेला. पण त्या अभ्यासात तुलनेसाठी शस्त्रक्रिया न झालेले हृदयरुग्ण नव्हते. नंतर तशी तुलना झाली, तेव्हा त्यांच्यातही काही वर्षांनी तशीच घसरण आढळली, आणि यंत्राशिवाय शस्त्रक्रिया झालेल्यांतही पाच वर्षांनी वेगळे चित्र दिसले नाही. पहिल्या काही आठवड्यांतला विसराळूपणा, झोपमोड आणि कारण नसताना येणारे रडू हे खरे असते आणि बहुतेकांत ओसरते. लांबणारी खिन्नता मात्र डॉक्टरांना सांगावी.

पुढची वर्षे

छातीचे हाड स्टीलच्या तारांनी बांधलेले असते आणि पक्के जुळायला सुमारे तीन महिने लागतात. जड वस्तू उचलू नये, हा सल्ला त्यासाठी असतो. शीर काढलेल्या पायाला काही आठवडे सूज राहते. दुर्बिणीने लहान छिद्रातून शीर काढली तर पायाच्या जखमेचा संसर्ग कमी होतो, हे २०१९ च्या ‘रीग्रुप’ चाचणीत दिसले. हृदयाच्या निकालांत लक्षणीय फरक पडला नाही.

ग्राफ्ट टिकवण्याचे काम मात्र गोळ्या करतात. ५,०६५ रुग्णांच्या एका निरीक्षणात, शस्त्रक्रियेनंतर ४८ तासांच्या आत ॲस्पिरिन सुरू झालेल्यांपैकी १.३ टक्के दगावले, तर न मिळालेल्यांपैकी ४ टक्के. १९९७ च्या एका चाचणीत कोलेस्टेरॉल जोरकसपणे कमी केलेल्या रुग्णांत २७ टक्के, तर सौम्य उपचार मिळालेल्यांत ३९ टक्के ग्राफ्टमध्ये आजार वाढला. ‘आता नवीन नळ्या बसल्या, गोळ्या कशाला?’ असे म्हणून औषधे सोडणारा माणूस आपल्या शिरेच्या ग्राफ्टना त्याच आजाराच्या हवाली करतो, ज्याने मूळ धमन्या बंद केल्या. तंबाखूचेही तसेच.

आणि ते कार्ड जपून ठेवावे. आठ-दहा वर्षांनी छाती पुन्हा दुखली आणि अँजिओग्राफी करायची वेळ आली, तर डॉक्टरला प्रत्येक ग्राफ्टचे तोंड शोधावे लागते. लिमाचा उगम खांद्याकडे जाणाऱ्या धमनीवर असतो, शिरेच्या ग्राफ्टची तोंडे महाधमनीवर कोठेही असू शकतात. किती ग्राफ्ट आहेत आणि कोठे गेले आहेत हे ठाऊक नसेल, तर न सापडलेला ग्राफ्ट बंद आहे की आपल्याला दिसत नाही, हे कळायला रुग्णाच्या शरीरात धमन्या एक्स-रेत दिसण्यासाठीचा डाय अधिकाधिक सोडावा लागतो आणि तो मूत्रपिंडांना सोसावा लागतो. ती एक ओळ समोर असेल, तर डॉक्टर सरळ तेथेच नळी नेतो.